सरकटे सरांच्या शेजारची खुर्ची

रत्नाकर सरकटे सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते कारंज्याच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात, अकरावीच्या वर्गात, साठ वह्यांचा गठ्ठा टेबलावर आपटताना. 'माझा आवडता ऋतू' हा निबंध त्यांनी आदल्या आठवड्यात आम्हाला दिला होता. साठही जणांना पावसाळाच आवडत होता, आणि साठही जणांचा पावसाळा एकाच गाईडमधून आला होता.

"हे तुमी लिहिलं नाही," सर म्हणाले. "हे कोन्या गाईडवाल्यानं लिहिलं. त्याले मी काहून मार्क द्यावे?"

मग सकाळी उठल्यापासून वर्गात येईपर्यंत डोळ्यांनी जे पाहिले तेवढेच लिहा, असे त्यांनी सांगितले. माझे वडील बाजार समितीत मापारी होते, आलेल्या मालाची मापे करायचे. मी त्यांच्यावर पानभर लिहिले. सरांनी ते उभ्याउभ्या वाचले आणि एकाच वाक्याखाली रेघ मारली. काटा थांबेपर्यंत बाबा श्वास घेत नाहीत, असे ते वाक्य होते. "एवढं एक वाक्य तुझं हाये," ते म्हणाले. "बाकीचं खोडून टाक." मला भयंकर राग आला. घरी जाऊन मी रडले. आज मी त्याच महाविद्यालयात मराठी शिकवते आणि दरवर्षी अकरावीच्या मुलामुलींना तेवढाच राग आणते.

गौरवलेखाची सुरुवात पहिल्या भेटीने करायची असते, तशी मी केली. इथून पुढे मात्र रीतीप्रमाणे गोडगोड लिहिणे मला जमणार नाही, कारण मी संतापलेली आहे आणि तो संताप लपवून सरांचा गौरव करणे मला शक्य नाही.

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाच्या संपादन मंडळाची मी सचिव. सगळे लेख आधी माझ्या टेबलावर आले. लेखकांना गौरव समितीने जे पत्र पाठवले त्यात तीन सूचना होत्या. लेख सुवाच्य असावा, प्रसंगांसह असावा, आणि 'वैयक्तिक आयुष्याचे उल्लेख टाळावेत'. कवीच्या गौरवग्रंथात वैयक्तिक आयुष्य टाळून लिहायचे तरी काय? हजेरीपटावरची त्यांची सही किती वळणदार होती, हे? लोकांनी मात्र सूचना इमानदारीने पाळली. एकाने सरांना 'एकाकी तपस्वी' करून टाकले. दुसऱ्याने 'संसाराच्या मोहात न पडलेला साधक' म्हटले. तिसऱ्याने तर सरांच्या प्रेमकवितांमधला प्रियकर हा 'निसर्गाचे प्रतीक' ठरवला आणि हात झटकले. ज्यांच्यावर त्या कविता आहेत त्या देवीदासभाऊंनी हे वाचले तर ते पोट धरून हसतील. त्यांना आजवर पुष्कळ नावे ठेवली गेली, पण निसर्ग कुणी म्हटले नव्हते.

म्हणून जे वाक्य या ग्रंथात दुसरीकडे कुठेच नाही ते मी इथे लिहिते. सरकटे सर समलिंगी आहेत. हे त्यांनी स्वतः, माईकवरून, भरसभेत सांगितलेले आहे. आणि मांडव-बिछायतीचा व्यवसाय करणारे श्री. देवीदास आडे हे गेली सव्वीस वर्षे त्यांचे जोडीदार आहेत. दोघे कारंज्यात, बिछायतीच्या गोदामामागच्या दोन खोल्यांच्या घरात राहतात. हे सगळ्या गावाला माहीत आहे. दूधवाल्याला माहीत आहे, पोस्टमनला माहीत आहे. फक्त ग्रंथाला माहीत होऊ द्यायचे नव्हते.

आता सरांच्या कामाविषयी. त्यांचा जन्म शिरपूर जैनजवळच्या एका खेड्यातला. आईवडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे. आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा घरातले सगळे देव टोपलीत घालून नदीला सोडले होते, ही गोष्ट सर आजही अभिमानाने सांगतात. थोरली बहीण शांताताई चौथीतून शाळा सोडून आईसोबत शेतातले तण निंदायला जाऊ लागल्या, म्हणून धाकट्या रत्नाकरच्या हातात पाटी राहिली. सरांचा पहिला संग्रह 'विहाराची पायरी' हा जवळजवळ सगळा त्या बहिणीचा आहे. तिच्या हाताला येणारा गवताचा वास, भावाची वही लाकडी पेटीत जपून ठेवताना तिने पुसलेले हात, असे सगळे त्यात आहे. तो संग्रह सर्वांना आवडला. त्याला बक्षिसे मिळाली, अभ्यासक्रमात एक कविता लागली. बहिणीवर लिहिणारा कवी कुणाला अडचणीचा होत नाही.

दुसरा संग्रह 'दोन ताटं'. त्यातली त्याच नावाची कविता मी दरवर्षी वर्गात शिकवते, ती अभ्यासक्रमात नसली तरी. एक माणूस कुणाच्या तरी लग्नाचा मांडव सोडून, दोर गुंडाळून घरी येतो. त्याच्या तळव्यांना दोराचे वळ आहेत. घरातला दुसरा माणूस तव्यावर भाकर गरम करतो आणि दोन ताटं वाढतो. बस, एवढेच. कविता संपते. मराठीत प्रेमकवितांना तोटा नाही, पण भाकर गरम करून वाट पाहणारा पुरुष मी त्या पानावर पहिल्यांदा वाचला. तो संग्रह आला तेव्हा ज्यांनी पहिल्याला बक्षिसे दिली होती त्यांनी साधी पोचही दिली नाही.

देवीदासभाऊंविषयी इथेच सांगते. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचे ते. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे, आणि तेही लहानपणी सोबत जायचे. मोठे झाल्यावर कारंज्यात एका मांडववाल्याकडे बांबू वाहायला लागले, आणि पुढे स्वतःचा धंदा उभा केला. आज आमच्या गावात लग्न असो, पुण्यतिथी असो, की कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस, मांडव देवीदासभाऊंचाच. या गावातल्या प्रत्येक सत्काराच्या खुर्च्या त्यांनीच मांडल्या आहेत.

सरांनी जाहीरपणे सांगितले तो दिवसही त्यांच्याच मांडवातला. जिल्ह्यातले एक कविसंमेलन होते. मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि चौथ्या रांगेत बसले होते. आमच्याकडे निवेदकांची एक खोड आहे. प्रत्येक कवीला बोलावण्याआधी त्याच्या बायकोवरून एक विनोद करायचा. सरांची पाळी आली तेव्हा निवेदक म्हणाले, "सरकटे सरायच्या कवितेत एवढं प्रेम हाये, पन वहिनी कुठी लपवून ठेवल्या ते आज सांगाच सर!" लोक हसले. सर माईकपाशी आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "लपवलं कायीच नाही. ते मांडवाच्या मांगं जनरेटरपाशी उभे हायेत. देवीदास आडे त्यायचं नाव. आज तुमी ज्या मांडवात बसले तो त्यायनंच टाकला."

मग पुढच्या रांगेतून ओरडा सुरू झाला, "माईक बंद करा, माईक बंद करा!" पण माईक, भोंगे, जनरेटर सगळेच देवीदासभाऊंचे. त्यांनी काहीच बंद केले नाही. सरांनी तीन कविता वाचल्या आणि खाली बसले. मी मागे वळून पाहिले. देवीदासभाऊ जनरेटरवर हात ठेवून उभे होते, जणू ते यंत्र पळून जाणार होते. कायद्याने तेव्हा हा गुन्हाच होता. पुढे न्यायालयाने तो गुन्हा नाही म्हणून सांगितले; आमच्या स्टाफरूमने अजून सांगितलेले नाही.

मी सरांना नंतर एकदा विचारले, भीती वाटली नाही का? ते म्हणाले, "माह्या आजानं सगळा गाव समोर असताना देव नदीले सोडले. त्याच्या नातवानं एक नाव सांगाले घाबराव का?"

आता मला माझ्याबद्दल सांगितले पाहिजे. त्या संमेलनानंतर आठवड्याभरातच महाविद्यालयात एक निवेदन फिरले. पालकांच्या भावना लक्षात घेता सरकटे सरांना सहल, स्नेहसंमेलन अशा जबाबदाऱ्यांपासून दूर ठेवावे, असा त्याचा मथितार्थ. शिपाई तो कागद एका फायलीत घालून टेबलाटेबलावर नेत होता. मी नवीन होते, नोकरी अजून कायम झालेली नव्हती. सगळ्यांच्या सह्या झालेल्या दिसल्या. मीही सही केली. ज्या माणसाने मला माझे एक वाक्य शोधून दिले होते त्याच्याविरुद्ध मी माझे नाव लिहिले, आणि दुसऱ्या तासाला जाऊन वर्गात कविता शिकवली.

आठ दिवसांनी मला राहवले नाही. मी सरांच्या घरी गेले. देवीदासभाऊ ओसरीवर पडद्यांच्या घड्या घालत होते. मी सरांना सगळे सांगितले. मग त्यांनी एकच विचारले, "तू वाचलं होतं का ते?"

"नाही सर. काय लिहिलंय ते सही केल्यावर कळलं," मी म्हटले.

"मंग तू माह्याविरुद्ध गेलीच नाही, सुनंदा. तू कशाच्याच विरुद्ध गेली नाही. ते जास्त वाईट हाये." मग म्हणाले, "पुढं वाचल्याशिवाय सही करत जाऊ नको."

"पोरीले च्या तं घेऊ द्या आंधी," आतून देवीदासभाऊ म्हणाले. ते केव्हा घड्या सोडून चुलीपाशी गेले होते ते मला कळलेही नव्हते.

त्या दिवसापासून मी प्रत्येक कागद वाचते. वाचून सही करते किंवा करत नाही. लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत.

सरांना पुढे निवृत्तीपर्यंत कधीही सहलीला पाठवले गेले नाही. उपप्राचार्यपदासाठी त्यांचे नाव दोनदा मागे पडले, दोन्ही वेळा त्यांच्यापेक्षा कनिष्ठ माणूस पुढे गेला. यावर त्यांनी कधी भाषण केले नाही. सहलीच्या दिवशी जी मुले घरच्या अडचणीमुळे मागे राहायची त्यांना ते ग्रंथालयात जमवायचे आणि त्यांच्याकडून भित्तिपत्रक काढून घ्यायचे. 'आम्ही इथेच होतो' असे त्या भित्तिपत्रकाचे नाव असे. सहलीहून परतलेली मुले ते वाचून हिरमुसायची, कारण गावातच राहून ह्यांनी काय काय पाहिले होते! सूतगिरणीचा भोंगा, जैन मंदिराच्या दारातला फुलवाला, गोदामातल्या मांजरीची पिल्ले. पुढेपुढे काही मुले सहलीला जायला नको म्हणू लागली तेव्हा संस्थेने तेही भित्तिपत्रक बंद केले.

माझ्या लग्नाची गोष्टही सांगायला हवी. माझे बाबा म्हणाले, सरायले बोलाव, पन एकटे या म्हना. मी तो निरोप देताना शरमेने मान वर केली नाही. सर म्हणाले, "एकटा मी जेवाले बी बसत नाही." ते आले नाहीत. मोठ्या अक्षरांत लिहिलेले एक पत्र आले, सोबत माझ्या अकरावीच्या निबंधाचे ते पान होते. एवढी वर्षे त्यांनी ते जपून ठेवले होते. आणि पुढे बाबा गेले तेव्हा, कुणी सांगितले नसताना, सकाळीच आमच्या अंगणात बिछायतीची गाडी आली. देवीदासभाऊंनी पांढरे कापड ताणले. सर स्वतः खुर्च्या मांडत होते, पाण्याचे माठ भरत होते, आलेल्या माणसाला सावलीत बसवत होते. ज्या माणसाने त्यांना लग्नात एकटे या म्हटले होते त्याच्या तेराव्यापर्यंत ते दोघे रोज येत राहिले. आमच्या सगळ्या नातेवाइकांनी त्या मांडवाखाली बसून चहा घेतला आणि त्यांच्यापैकी एकालाही काही झाले नाही.

आता या सत्काराविषयी.

सत्काराचे ठरले तेव्हा मला आनंद झाला होता. लोक बदलले, असे मला खरेच वाटले. मग मानपत्राचा मसुदा सहीसाठी माझ्याकडे आला. मी तो वाचला, कारण मी वाचते. त्यात लिहिले होते, 'आजन्म ब्रह्मचर्याचे खडतर व्रत स्वीकारून आपण साहित्यशारदेची सेवा केलीत.' ज्या माणसाने भरसभेत आपल्या जोडीदाराचे नाव घेतले, ज्याच्या तीन संग्रहांपैकी दोन त्या जोडीदारावर आहेत, त्याला ब्रह्मचारी! मी पेन खाली ठेवले आणि समितीच्या अध्यक्षांकडे गेले. ते आमच्याच महाविद्यालयाचे निवृत्त प्राचार्य आहेत.

"मॅडम, शब्द चांगला हाये," ते म्हणाले. "मानाचा हाये."

"खोटा आहे, सर."

"खोटा कसा? लग्न केलं का त्यायनं?"

"करू दिलं असतं का आपण?"

ते म्हणाले, तुमी फार भावनिक होता. बाई रागावली की ती भावनिक असते, हे मला नवीन नाही.

त्यानंतर निमंत्रणपत्रिका छापून आल्या. आमच्या छापखान्यात सत्काराच्या पत्रिकेचा एक ठरलेला नमुना आहे. फक्त नाव बदलायचे. त्या नमुन्यात 'सपत्नीक भव्य सत्कार' असे आहे, आणि नाव बदलणाऱ्याने नावच बदलले. सगळ्या पत्रिका तशाच छापून आल्या. मग समितीची मंडळी दोन दिवस त्या एका शब्दावर पांढऱ्या पट्ट्या चिकटवत बसली. ग्रंथासाठी दोन पाने लिहून द्या म्हटले तर ज्यांना वेळ नव्हता तेही डिंकाची बाटली घेऊन आले. पट्ट्या पातळ निघाल्या. उजेडात धरले की शब्द दिसतोच. तुमच्या घरी आलेली पत्रिका खिडकीपाशी धरून पाहा.

पण खरी पंचाईत खुर्चीची झाली. आमच्याकडे सत्काराला व्यासपीठावर लग्नातल्या लाल मखमली राजाराणी खुर्च्या लावतात. एकीत सत्कारमूर्ती बसतात, दुसरीत त्यांच्या पत्नी. ह्यांना शाल, त्यांना साडी. दुसरी खुर्ची रिकामी दिसली तर फोटो चांगला येत नाही, असे एका सदस्यांचे म्हणणे पडले. मी म्हटले, त्या खुर्चीत बसायला माणूस आहे. सगळ्यांनी आपापल्या चहाकडे पाहिले. शेवटी असे ठरले की सरांच्या थोरल्या बहिणीला बसवावे. घरातले वडीलधारे माणूस, कुणी नाव ठेवणार नाही.

म्हणून अध्यक्ष, एक सदस्य आणि मी असे शांताताईंना निमंत्रण द्यायला जीपने शिरपूरकडे गेलो. ताई ओट्यावर तूर निवडत होत्या. आता त्या सत्तरीकडे झुकल्या आहेत. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"साडी मले कायले?" त्यांनी विचारले.

"मानाची असते, ताई," अध्यक्ष म्हणाले.

"अन् देवीदास कुठी बसन?"

"ते... ते व्यवस्था पाहून राह्यले, ताई. मांडव त्यायचाच हाये ना."

ताईंनी सूप बाजूला ठेवले. "आयका," त्या म्हणाल्या. "बारा वर्सं मी त्या दोघायच्या दारात पाय ठेवला नाही. लोकायनं सांगतलं म्हनून. चुकलं माहं. मंग मले डोयाचं आपरेशन सांगतलं अकोल्याले. पोरं पुन्याले. रत्नाकरच्या कालेजात परीक्षा. देवीदासनं मले हाताले धरून नेलं. पट्टी निघेपरेंत माह्या खाटीपाशी बसला तो. डोये उघडले तं पयले तोच दिसला मले. त्याच्या खुर्चीत मी बसू? भावाच्या घरचा मानूस मांडवाच्या मांगं उभा अन् मी पुढं साडी घेऊ? नाही बाप्पा. तुमी च्या घ्या अन् जा."

आम्ही चहा घेतला. परतताना जीपमध्ये अध्यक्ष म्हणाले, "म्हाताऱ्या मानसाले समजत नाही." शिरपूरच्या स्टँडवर मी जीप थांबवायला लावली, उतरले आणि एसटीने घरी आले. त्या माणसांच्या मांडीला मांडी लावून आणखी तासभर बसण्याची ताकद माझ्यात नव्हती.

मग समितीने देवीदासभाऊंनाच बोलावले आणि सांगितले, व्यासपीठावर एकच राजाराणी खुर्ची लावा. विचार करा. ज्याला बसू द्यायचे नाही त्यालाच खुर्ची कमी करायला सांगितले.

"साहेब, ते जोडीनंच जाते," देवीदासभाऊ म्हणाले. "सुटी मी कोनालेच देत नाही."

"मग साधी एक लावा, फायबरची."

"बरं," ते म्हणाले.

मी त्यांना बाहेर गाठले. "भाऊ, बरं काहून म्हणाले तुम्ही?"

"मॅडम, मले खुर्चीचं काय? एवढी वर्सं खुर्च्या मांडून राह्यलो, बसाची सवयच नाही." मग ते खाली पाहून म्हणाले, "सरायची साठी एकदाच येते. माह्यापायी मोडू नका."

त्याच संध्याकाळी मी सरांकडे गेले. भाऊ एका लग्नाच्या कामावर होते. सरांना मी सगळे सांगितले, एक शब्दही न गाळता. त्यांनी शांतपणे ऐकले. ते रागावले नाहीत, आणि त्यांच्या वाटचा रागही मलाच आला.

"मी सत्कार मांगतला नव्हता," ते म्हणाले. "पन लोकायनं एवढं मांडलं तं मी येईन. देवीदास शेजारी बसला तं मी वरते बसीन. नाही तं मी त्याच्यापाशी राहीन, मांगं, जनरेटरजवळ. शाल घालाची असली तं तिथी या म्हना."

हा निरोप मी समितीला जसाच्या तसा दिला. समितीला वाटते, सर ऐन वेळी ऐकतील. लोक ऐन वेळी ऐकतात, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव आहे. माझीही सही त्यांनी एकदा तशीच घेतली होती.

मानपत्रावर मी ब्रह्मचर्याचे वाक्य खोडले, तिथे 'श्री. देवीदास आडे यांच्या सोबतीने' असे लिहिले आणि मग सही केली. ते कोणते मानपत्र वाचतात ते पाहू.

आणि हा लेख. इथपर्यंत लिहून झाल्यावर आज सकाळी मी ग्रंथाच्या छपाईच्या परवानगीचा कागद अध्यक्षांपुढे ठेवला. सोबत सगळे लेख ठेवले. हा सगळ्यात वर ठेवला, त्यावर माझे नाव आणि शीर्षक मोठ्या अक्षरांत. "एकदा वाचून घ्या सर," असे मी दोनदा म्हटले. ते म्हणाले, "मॅडम, तुमी वाचलं ना? झालं मंग," आणि त्यांनी सही केली. सरांच्या वर्गात ते कधी बसले नाहीत, त्याला मी काय करणार? हे शेवटचे परिच्छेद तेवढे मी त्यानंतर, छापखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे.

सर, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. गुडघे दुखू नयेत, डोळे शाबूत राहावेत, चौथा संग्रह यावा आणि पाचवाही यावा. देवीदासभाऊंना तुमच्याइतकेच आयुष्य लाभो, एका दिवसानेही कमी नको, म्हणजे ताटं दोनच्या दोन राहतील.

आणि वाचकहो, हा ग्रंथ सत्काराच्या दिवशी मांडवातच वाटला जाणार आहे. म्हणजे तुम्ही आत्ता बहुतेक देवीदासभाऊंच्याच एका खुर्चीवर बसलेले आहात. मान वर करून व्यासपीठाकडे पाहा. तिथे दोन लाल खुर्च्या असतील आणि दोन्हींत माणसे बसलेली असतील, तर हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवा. एकच खुर्ची असेल, आणि ती रिकामी असेल, तर सर कुठे आहेत ते तुम्हाला आता माहीत आहे. मग उठा. तुमची खुर्ची हलकी आहे, भाऊ मुद्दाम हलक्याच घेतात. ती उचला, जनरेटरकडे तोंड करून मांडा आणि बसा. सत्कार तिकडे आहे.